‘निर्मूलन’ म्हणजे नाश नव्हे

भारतातून नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले. रोगच नाहीसा झाला, असा त्याचा अर्थ लावणे ही घातक चूक आहे. निर्मूलन म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात वर्षाला हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण, इतकेच.

डब्लिनच्या प्रसूतिगृहात १७८२ पर्यंत जन्मलेल्या १७,६५० अर्भकांपैकी २,९४४ पहिल्या पंधरवड्यातच दगावली, बहुतेक आचके येऊन. जोसेफ क्लार्क यांनी दोष कोंदट हवेला दिला. आपण सटवाईला देत होतो. मातीतला खरा मारेकरी निकोलायर यांनी १८८४ मध्ये दाखवला.

देवीचा विषाणू केवळ माणसांत राहत होता, म्हणून तो संपला. धनुर्वाताचे बीजाणू मातीतच राहणार. मातेची लस आणि नाळ कापणारे निर्जंतुक पाते यांत कसूर झाली, की तो परतलाच म्हणून समजा.