मूल कोणाच्या खाती?

बालकांच्या हक्कांस कायद्याचा आधार नाही, अशी तक्रार आता कोणास करता येणार नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनापुढे बारा वर्षांपर्यंतच्या मुलांस सक्तीचे शिक्षण मागितले. सर्व देशाकरिता तसा कायदा होण्यास २००९ साल उजाडले. संयुक्त राष्ट्रसंघाचा बालहक्क करारही भारताने १९९२ साली मान्य केला. मग उणीव कोठे आहे? आमच्या मते ती जबाबदारीच्या वाटणीत आहे.

धुळे जिल्ह्यातील कित्येक मजूर कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस परमुलखी जातात व त्यांची मुलेही सोबत जातात. गावची शाळा म्हणते, नाव पटावर आहे. फडाजवळची शाळा म्हणते, ते आमच्या पटावर नाही. परोपकारी संस्था म्हणते, आमची देणगी सरली. प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या वहीपुरते खरे, आणि मूल मात्र फडावर! बारभाईची खेती ती हीच.

वास्तविक, स्थलांतरित मुलांस शाळेत दाखल करून घेणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य होय, असे त्याच कायद्याचे ९ वे कलम सांगते. सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असावेत, असे २१ वे कलम सांगते. अर्थात सहकार्याचा पाया घातलेलाच आहे.

कोणी म्हणेल, दोंडाईचा येथील व्यापारी पाटी-दप्तरे वाटतील, तेवढे पुरे. दान स्तुत्य खरे. परंतु दान म्हणजे भागीदारी नव्हे. नगरपरिषद, ग्रामपंचायती, शाळा, संस्था व व्यापारी यांनी एकत्र बसून तीन गोष्टी लेखी ठरवाव्यात. दिवाळीपूर्वी जाणाऱ्या मुलांची एकच यादी करावी व प्रत्येक मुलामागे एक जबाबदार मनुष्य नेमावा. पैशाचा हिशेब व ती यादी दर तिमाहीस पालकांपुढे वाचून दाखवावी. ज्यास अंग काढून घ्यावयाचे असेल त्याने एक हंगाम आधी कळवावे.

दोंडाईचा येथील बाजारात मिरचीचे एक पोते कमी भरले, तर ते कोणाच्या खाती मांडावयाचे हे दिवस मावळण्यापूर्वी ठरते. शाळेतून मूल कमी झाले, तर ते वर्षानुवर्षे ठरत नाही. ही लाज पुसणे आपल्याच हाती आहे.