लॉनवर डोस वाढवू नका

बेव्हर्ली पार्क आणि आजूबाजूच्या सोसायट्यांच्या कमिटी मेंबरांनो, दोन मिनिटं द्या. पावसाळा लागला की आपल्याकडे लॉनच्या कडेला, पेव्हर ब्लॉकच्या फटींत तणनाशक मारलं जातं. तीन-चार आठवड्यांत तण परत उभं राहतं आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर मागणी सुरू होते, "औषध हलकं होतं, डोस वाढवा." माझा विरोध आहे तो याला.

मुळात दरवेळी दोष औषधाचा नसतो. मीरा रोडच्या जुलैत सकाळी फवारलेलं दुपारच्या सरीत धुऊन जातं, थेट गटारात आणि तिथून खाडीत. लव्हाळ्याचं वेगळंच. पाती जळली तरी जमिनीतल्या गाठी शाबूत असतात, त्यातून तो पुन्हा फुटतो. यातलं काहीच तणाची प्रतिकारशक्ती नव्हे. संशय कधी घ्यायचा? एकाच जातीची शेजारची सगळी रोपं मेली आणि मधलं एखादंच हिरवंगार राहिलं, तेव्हा. ते एक रोप बी धरण्याआधी मुळासकट उपटायला हवं. आपण काय करतो, तर पुढच्या महिन्यात त्याच्यावर तेच औषध पुन्हा मारतो.

बाकाखाली, झोपाळ्याशी, जिथे माती पायांनी दाबून घट्ट झालीय तिथे बघा. जमिनीला चिकटून चक्रासारखं पसरलेलं, बुंध्याशी चपटं-पांढुरकं, वर बोटांसारखे तुरे. ही रानटी नाचणी, आपल्या भाकरीच्या नाचणीची अगदी जवळची नातेवाईक. शास्त्रीय नाव एल्युसिने इंडिका. एका रोपाला हजारो बिया. मलेशियात १९९७ साली एका फळबागेत याच गवतावर ग्लायफोसेट चालेनासं झाल्याचं आढळलं. अमेरिकेतल्या गोल्फ मैदानांवर पोआ अन्नुआ नावाच्या गवताने वेगवेगळ्या गटांतली अनेक तणनाशकं निकामी करून ठेवलीत. तिथे तर पगारी तज्ज्ञ असतात!

यात जादू काही नाही. लाखो रोपांत एखाद्यात जन्मतःच असा बदल असतो की औषध त्याला लागत नाही. आपण बाकीची मारतो, जागा त्याला मोकळी करून देतो. दरवर्षी तेच औषध, तर दरवर्षी त्याचीच पिलावळ जास्त. ब्रँड बदलूनही उपयोग नाही. राउंडअप, ग्लायसेल, मेरा ७१, नावं तीन पण आत ग्लायफोसेटच.

हे परदेशातलंच आहे असंही समजू नका. हरियाणा-पंजाबात गव्हातल्या 'गुल्ली डंडा' तणावर शेतकरी वर्षानुवर्षं आयसोप्रोट्युरॉन मारत होते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते चालेनासं झालं. मग नवी औषधं आली, पुढे त्यांनाही ते तण दाद देईना. त्या शेतकऱ्याची मजबुरी मला कळते. आपल्या विदर्भात कापूसवाल्याला खुरपणीच्या वेळी मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत. आपलं लॉन म्हणजे पार्किंगमधून उरलेला तुकडा. त्याला कसली आलीय मजबुरी?

आणि मारतं कोण? माळीदादा. हातात मोजे नाहीत, तोंडाला रुमाल, पायात स्लिपर. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढली की ग्लायफोसेट फक्त कीड नियंत्रण करणाऱ्या व्यावसायिकांनीच वापरावं. आमच्या ठेकेदाराला मी हे विचारलं तर तो म्हणाला, "सगळीकडे असंच चालतं." भाद्रपदात याच लॉनच्या कडेला आपली पोरं बाप्पासाठी दूर्वा खुडतात, हे त्याला सांगायचं राहूनच गेलं. खरं तर कमिटीलाच सांगायला हवं.

गवत दर आठवड्याला टक्कल केल्यासारखं कापू नका. थोडं उंच ठेवलं की खाली ऊन पोचत नाही, तणाचं बी सहज रुजत नाही. झोपाळ्याजवळची माती वर्षातून एकदा काट्याने भोसकून मोकळी करा. पेव्हरच्या फटींतलं तण खुरप्याने किंवा उकळत्या पाण्याने काढा. तुरे यायच्या आत दोन बायका चार दिवस खुरपायला लावा. मशीनला चिकटलेलं गवत धुतल्याशिवाय दुसऱ्या सोसायटीत नेऊ देऊ नका, बी त्याच्यासोबत फिरतं.

३० सप्टेंबरच्या आत आपल्या वार्षिक सभा व्हायच्या आहेत. आमच्या सभेत मी दोन ठराव मांडतोय. बागेच्या खर्चात खुरपणीच्या मजुरीची वेगळी ओळ हवी, आणि फवारणी करायचीच तर औषधाचं नाव, तारीख, मारणाऱ्याचा परवाना रजिस्टरमध्ये लिहून नोटीस बोर्डावर लागला पाहिजे. तुमच्या सोसायटीत मांडायचे असतील तर मसुदा मागा, पाठवतो. आणि कुणाच्या लॉनवर फवारणीनंतर असं एकटंच हिरवं राहिलेलं रोप दिसलं तर आधी फोटो काढा, मग उपटा. फोटो इथे खाली कमेंटमध्ये टाका, कुठल्या औषधानंतरचा तेही लिहा.