परक्या मुलुखांतील मावशी

दोंडाईचा स्टेशनावर उतरलेल्या परप्रांतीयानें वाट विचारली, कीं आमच्यापैकीं पुष्कळ जण आधीं त्याचें गांव व जात विचारतात. वाट मागाहून सांगतात. हें आम्हांस लाजिरवाणें वाटतें. आपल्या माणसांस परदेशीं कोणीं कसें जवळ केलें, तें तरी आठवावें!

न्यू जर्सींतील रोझेल गांवच्या श्रीमती कार्पेंटर १८८० सालीं दंतवैद्याकडे खोळंबल्या असतां, तेथील एका मिशनरी मासिकांत गोपाळराव जोशी यांचें पत्र सहज त्यांच्या नजरेस पडलें. पत्नीच्या शिक्षणासाठीं त्यांनीं अमेरिकेंत साह्य मागितलें होतें. ख्रिस्ती व्हा, असा मासिकाच्या उत्तराचा रोख होता. (मिशनच्या शाळेच्या अंकांत हें लिहावयास आम्हांस संकोच वाटत नाहीं.) कार्पेंटरबाईंनीं मात्र कसलीही अट न घालतां आनंदीबाईंशीं पत्रव्यवहार आरंभिला. १८८३ च्या जूनांत न्यूयॉर्कला उतरलेल्या त्या अठरा वर्षांच्या मुलीस त्यांनीं आपल्या घरीं नेलें. आनंदीबाई त्यांस मावशी म्हणत.

१८८६ सालीं आनंदीबाई डॉक्टर झाल्या आणि १८८७ सालीं पुण्यास वारल्या. त्यांची रक्षा मात्र न्यूयॉर्क संस्थानांतील पोकीप्सी येथें, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमींत ठेविली आहे.