कोरी पट्टी

काष्टीचा शनिवारचा जनावरांचा बाजार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तिथल्या भिंतीही आठवत असतील. १९८७ साली मी तिथे बँकेत अधिकारी होतो. बाजाराच्या वाटेवर तमाशाची पोस्टरं खळीनं डकवलेली असत. लाल, पिवळी, गर्द निळी. वर फडाचं नाव, मध्ये वगाचं नाव आणि खाली वीतभर कोरी पट्टी. फड एका जागी राहत नाही, म्हणून गाव, वार आणि तिकिटाचा दर त्या पट्टीवर मुक्कामाप्रमाणे हातानं लिहायचा. शनिवारी लावलेली पोस्टरं रविवारी शेळ्या ओरबाडत. खळ पिठाची, तेव्हा शेळ्यांना तरी काय बोलणार!

एकदा एका फडाचे मालक कर्ज मागायला आले. तारण काय, असं मी विचारलं. त्यांनी काखेतली गुंडाळी टेबलावर सोडली. दहाबारा पोस्टरं, प्रत्येकाच्या पट्टीवर वेगळं गाव. "साहेब, एवढ्या गावांत आमची सुपारी असते," ते म्हणाले. मी नियमावर बोट ठेवलं. ते गेले, गुंडाळी राहिली. पुढे आमच्या घरी ते कागद फडताळात अंथरले गेले आणि बदलीच्या वेळी रद्दीत गेले. नियम माझा नव्हता. रद्दी मात्र मीच घातली.

निवृत्तीनंतर एका पुस्तकात ताडानोरी योकू या जपानी चित्रकाराची पोस्टरं पाहिली आणि दचकलो. १९६७ साली जुरो कारा या नाटककारानं टोकियोत एका देवळाच्या आवारात लाल तंबू ठोकून नाटक केलं. त्याच्या नाटकमंडळीसाठी योकूनं पोस्टरं केली होती. उगवत्या सूर्याचे किरण, बुलेट ट्रेन, बायका, सगळं एकाच कागदावर, भडक रंगांत. योकू वाढला किमोनोच्या कापडव्यापाऱ्याच्या घरी, गठ्ठ्यांवरची रंगीत लेबलं पाहत. १९७२ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं त्याचं प्रदर्शन भरवलं. आज संग्राहक त्याची पोस्टरं उन्हापासून जपतात. तंबू त्यांचाही होता, कनात आमचीही होती.

सिनेमाच्या पोस्टरांना निदान वाली मिळाला. बाबूराव पेंटरांच्या १९२४च्या 'कल्याण खजिना'च्या पोस्टरचं नाव आज अभ्यासक आदरानं घेतात. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं, तिथे पोस्टरांनाही जागा झाली. तमाशाच्या पोस्टरांची मात्र आता कुठे हौशी लोकांना आठवण होते आहे, आणि ती हौसच मला धास्ती घालते. एका व्यापाऱ्याकडे मी पाहिलं, खालची पट्टी कात्रीनं सरळ कापलेली. "फ्रेममध्ये बरी दिसत नाही हो," तो म्हणाला. गाव नाही, वार नाही, दर नाही. मग उरला तो नुसता रंगीत कागद. दिवाणखान्याला तेवढाच पुरत असेल, मला नाही पुरत.

शिवाय एक गंमत ध्यानात घ्या. जे पोस्टर भिंतीला लागलं ते गेलंच. आज हाती येतात ती बहुधा गठ्ठ्यात राहून गेलेली, कामचुकार पोस्टरं. त्यामुळे पट्टीवर अक्षर असलेला कागद विरळा. गावच्या वाचनालयानं असे चार कागद कपाटात सपाट ठेवले, त्यांना चिकटपट्टी लावली नाही, तरी पुष्कळ झालं. त्याला अनुदान लागत नाही.

गेल्या वर्षी काष्टीत एका म्हाताऱ्या हेड्याकडे मला एक पोस्टर मिळालं. त्यानं ते हिशेबाच्या वहीला कव्हर म्हणून घातलं होतं. आत दुमडलेली पट्टी शाबूत होती: 'मु. काष्टी, शनिवार, तिकीट ५ रु.' निळ्या शाईत. साल नाही. मी पैसे काढले, तर त्यानं माझ्याकडे निरखून पाहिलं.

"तुम्ही बँकेतले ना? ते तारण मागणारे?"

कागद मात्र दिला. वहीला दुसरं कव्हर घालायला मी त्याला त्या दिवशीचं वर्तमानपत्र दिलं.