राजालाच कोंडणारे रखवालदार

सप्टेंबर उजाडला की हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे स्मरण होते आणि त्यासोबत रझाकारांचेही. किनारपट्टीवरील आमच्या वाचकांनी तो मुलूख परका मानू नये. आज तेलंगणात असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यात किनवट आणि राजुरा हे आपले तालुके १९५६ पर्यंत मोडत होते. नवस्वतंत्र देशांत इस्लामच्या नावाने सशस्त्र चळवळी का फोफावतात, हे समजून घेण्यासाठी अल्जीरियापर्यंत जाण्याचे कारण नाही.

जून १९४७ मध्ये निजामाने आपले राज्य स्वतंत्र राहील असे घोषित केले. त्या राज्यातील सुमारे ८५ टक्के प्रजा हिंदू होती. पण निजामाला भय होते ते हिंदूंचे नव्हे, प्रजेचे. आदिलाबादच्या जोडेघाटात १९४० साली गोंडांसाठी जंगल-जमिनीचा हक्क मागणाऱ्या कोमराम भीमला त्याच्या पोलिसांनी ठार केले, त्या लढ्यात धर्माचा संबंध कोठे होता? प्रजेची संमती नसलेले स्वातंत्र्य बंदुकीवाचून टिकत नाही, आणि बंदुकीला पवित्र नाव लागते. ते इत्तेहादुल मुसलमीनने पुरविले. प्रत्येक मुसलमान हा राज्यकर्ता आहे, अशी या संघटनेची शिकवण होती. दोन वेळच्या भाकरीला मोताद असलेला टांगेवाला कसला राज्यकर्ता! परंतु सत्तेचा वाटा द्यावयाचा नसला की सत्तेचा भास देता येतो. लातूरचा वकील कासिम रझवी १९४६ मध्ये अध्यक्ष झाला आणि त्या भासाच्या हाती शस्त्रे आली.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. भारताशी जैसे थे कराराचा मसुदा निजामाला मान्य होता. त्याचे शिष्टमंडळ दिल्लीस निघणार, तोच २७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे इत्तेहादच्या जमावाने शिष्टमंडळाच्या सदस्यांच्या घरांना वेढा घातला. शिष्टमंडळ जागचे हलू शकले नाही. दिवाण छतारीच्या नवाबांनी राजीनामा दिला आणि डिसेंबरात इत्तेहादला मानवणारे मीर लायक अली त्या जागी आले. ज्याच्या गादीसाठी रखवालदार ठेवले, त्यालाच त्यांनी कोंडले. स्वतंत्र झाले ते निजामाचे राज्य नव्हे, रझवीची टोळी!

तिने हिंदू खेडी लुटली, जाळली, हे सर्वश्रुत आहे. पण 'इमरोज'चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचे नाव किती जणांना ठाऊक आहे? भारतात विलीन व्हा, असे ते उर्दूत लिहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादच्या रस्त्यावर त्यांची हत्या झाली; लिहिणारा हात तोडण्यात आला. संपादकाच्या खुर्चीत बसणाऱ्याला हे नाव विसरता येत नाही. पूर्व पाकिस्तानात १९७१ साली लष्कराने उभारलेल्या पथकांचे नावही रझाकारच होते, आणि त्यांच्या हातून मारल्या गेलेल्यांत बंगाली मुसलमान असंख्य होते.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा शिरल्या आणि पाच दिवसांत सारे आटोपले. त्यानंतरचे मात्र आपण सहसा बोलत नाही. नेहरूंच्या सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने या कारवाईच्या काळात व तीनंतर २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. त्यांत बहुतांश मुसलमान होते. तो अहवाल कित्येक दशके दडवून ठेवण्यात आला. निजाम १९५० मध्ये राजप्रमुख झाला. रझवी १९५७ मध्ये तुरुंगातून सुटून पाकिस्तानात गेला. राज्यकर्ता म्हणविला गेलेला टांगेवाला होता तेथेच राहिला.