ज्येष्ठांच्या हाती लेझीम द्या

ही स्मरणिका आपल्या हाती देताना आम्ही एक प्रश्न आपल्यापुढे ठेवीत आहोत. दोहा येथे जयंतीच्या सभागृहात हलगीचा ठेका सुरू झाला की तरुण मंडळी फेर धरतात, आणि मायदेशाहून आलेले आपले आई-वडील पहिल्या रांगेत टाळ्या वाजवीत बसतात. सन्मान म्हणून आपण त्यांना खुर्ची देतो. परंतु त्या खुर्चीनेच त्यांचे पाय हिरावून घेतले, तर तो सन्मान कसला?

गावी हीच माणसे दिवसभर हिंडती-फिरती होती. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत त्यांनीच लेझीम खेळली आहे. कतारमध्ये येताच त्यांचे जग वातानुकूलित सदनिकेच्या चार भिंतींत सामावते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. भाषा परकी, आणि वाहन मुलाच्या हाती. चालणे सुटले की मांड्यांचे स्नायू क्षीण होतात, तोल ढळू लागतो. एकदा पडून खुब्याचे हाड मोडले की कित्येकांना पुढील आयुष्य इतरांच्या आधाराने कंठावे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पासष्टीपुढील व्यक्तींना आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान तीन दिवस तोल व स्नायुबळ वाढविणारा व्यायाम सुचविला. नृत्यात हे सारे एकत्र येते. पाऊल पुढे-मागे टाकताना शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर जातो. ठेका ऐकणे आणि पुढची चाल आठवणे यांत बुद्धीही जागी राहते. न्यूयॉर्कमधील पंचाहत्तरीपुढील ४६९ व्यक्तींचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात पाहिलेल्या शारीरिक व्यायामांपैकी केवळ नृत्याचाच स्मृतिभ्रंशाच्या कमी प्रमाणाशी संबंध आढळला. एवढ्यावरून नृत्य हे औषध ठरत नाही. पण ते टाळण्याचे कारण मात्र उरत नाही.

नाच धम्माला मान्य आहे काय, अशी शंका काही उपासक घेतात. नृत्य-गीतापासून विरती अष्टशीलात आहे, आणि उपोसथ पाळणाऱ्यांनी त्या दिवशी ती अवश्य पाळावी. नित्याच्या पंचशीलात मात्र असा निर्बंध नाही.

म्हणून आमची विनंती अशी : दर शुक्रवारी कुटुंबे एकत्र येतात, तेव्हा अर्धा तास ज्येष्ठांच्या लेझमीसाठी राखून ठेवा. बैठकीच्या व उड्यांच्या चाली वगळा, ठेका संथ ठेवा, आधाराला खुर्ची जवळ असू द्या. हृदयविकार, चक्कर वा गुडघेदुखी असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. उरलेल्या दिवशी घरीच, एखाद्या भीमगीताच्या ठेक्यावर, नातवंडांसोबत चार पावले टाकली तरी चालेल. नातवंडे चाली शिकतील आणि शिकविणारे आजी-आजोबा असतील.

बाबासाहेबांनी आपल्याला स्वाभिमानाने जगायला शिकविले. रात्री कोणालाही हाक न मारता उठता येणे, स्वतःचा पेला स्वतः भरून घेता येणे, हाही वार्धक्यातील स्वाभिमानच होय. येत्या जयंतीला पहिली रांग रिकामी दिसावी आणि ती माणसे रिंगणात असावीत, एवढीच आमची इच्छा.

जयभीम!

— संपादक मंडळ