चेहऱ्यावरून कळतं म्हणे!

'चेहऱ्यावरूनच कळतं' हे वाक्य आपल्याकडे पोलीस, पत्रकार, मास्तर सगळेच बिनधास्त वापरतात. भामरागडचा माडिया तरुण गप्प राहिला की तो 'काहीतरी लपवतोय'. चंद्रपुरातला दाढीवाला पोरगा गप्प राहिला की त्याच्या 'डोक्यात राग आहे'. प्राध्यापक गप्प राहिले, तर मात्र स्वभाव गंभीर!

2004 साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लोकांना आश्चर्यचकित चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवली. आधी एक वाक्य दिलं: हिचे पाचशे डॉलर हरवले, किंवा हिला पाचशे डॉलर सापडले. चेहऱ्यावर दोन्ही वेळा आश्चर्यच. पण वाईट वाक्यानंतर मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे धोक्याची चाहूल घेणारा बदामाएवढा भाग, जास्त चेतला. मेंदू कोऱ्या पाटीने बघत नाही, आधी कानावर पडलेलं समोरच्या चेहऱ्यावर वाचतो.

आमच्याकडे हे आधीचं वाक्य तयारच असतं. 'नक्षलग्रस्त भाग', 'संवेदनशील वस्ती'. बदलीवर येणारा शिपाई ते ऐकूनच एसटीत बसतो. तो खोटं बोलत नाही, त्याला खरोखरच संशयित दिसतो. भीतीही खोटी नाही. 1 मे 2019 रोजी जांभुळखेड्याजवळच्या स्फोटात 15 पोलीस गेले. पण माझी भीती हा तुमच्याविरुद्धचा पुरावा कसा होईल?

कोर्टात तर याला कायद्याचाच आधार आहे. साक्ष देताना साक्षीदार कसा वागला यावर महत्त्वाचं वाटेल ते न्यायाधीशाने नोंदवावं, असं 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 280 सांगत होतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहेच. साक्षीदाराची भाषा माडिया, कामकाज मराठीत, मध्ये दुभाषी. प्रश्न कळेपर्यंत त्याची नजर भिरभिरली, तर ती टाळाटाळ? अशा नोंदीच्या भरवशावर कुणाला एक दिवसही तुरुंगात ठेवू नये.

आणि आपण? आपल्या घरांत 'जंगली' ही शिवी आहे. तेंदूपत्त्याच्या मजुरीचे पैसे घेऊन एखादा गोंड माणूस आपल्या दुकानात शिरतो, किमती विचारत इकडेतिकडे बघतो, तेव्हा गल्ल्यावर बसलेला आपला भाऊ पोराला हळूच खुणावतो, 'लक्ष ठेव.' संध्याकाळी तोच भाऊ मला विचारतो, नाक्यावर रोज फक्त माझीच गाडी का थांबवतात?